ऊन परवडलं, आभाळ नको

मे महिन्यातलं विदर्भाचं हवामान पत्रक पहिल्यांदा वाचणाऱ्याला हमखास वाटतं, की दोन वेगळ्या मुलखांचे अंदाज चुकून एकाच कागदावर छापले गेलेत. वरच्या ओळीत अकोला, अमरावती, वर्धा, नागपूर, चंद्रपूर : तुरळक ठिकाणी उष्णतेची लाट. खालच्या ओळीत पुन्हा तेच जिल्हे, तीच तारीख : तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजांचा कडकडाट, ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाचा वारा आणि हलका ते मध्यम पाऊस. पुण्याहून बदली होऊन आलेला माणूस हे वाचून गोंधळतो. टोपी घालावी की छत्री घ्यावी? बिचारा दोन्ही घेऊन निघतो आणि दिवसभर ऑफिसात चेष्टेचा विषय होतो. मूळचा नागपूरकर पत्रक उघडतो, आपला आकडा चंद्रपूरपेक्षा कमी तर नाही ना एवढंच बघतो, आणि कमी असला की खट्टू होऊन पत्रक व्हॉट्सॲपवर पुढे पाठवून देतो.

पत्रकाला रंगही असतात. हिरवा म्हणजे निश्चिंत राहा, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हातपाय हलवा. ही योजना ज्यांनी केली त्यांनी साऱ्या देशाचा विचार केला असणार, पण संत्र्याच्या गावाला नारिंगी रंगाची भीती घालून काय मिळणार? पिवळ्याची तर बातच नको. एप्रिल अर्धा सरला की जून अर्धा येईपर्यंत पिवळा हा आमचा घरात घालायचा रंग. "आज पिवळाच आहे, बँकेतलं काम उरकून घ्या. उद्या नारिंगी आहे म्हणते," असं बायका नवऱ्याला सांगतात आणि नवरे उन्हात निघतात.

खरी गोष्ट अशी, की आम्ही तापमानाला भीत नाही, ते मिरवतो. संध्याकाळी दिवसभराचे आकडे जाहीर झाले की सोयऱ्याधायऱ्यांचे फोन सुरू होतात.

"किती निघालं तुमच्याकडे?" अकोल्याचे इवाई विचारतात.

"चव्वेचाळीस पॉइंट आठ."

"बस? आमच्याकडे पंचेचाळीस पॉइंट सहा."

मुलीकडचे असूनही अकोलेकरांचा आवाज या वेळी चढा असतो. नागपूरचे इवाई वरमतात. "आमच्याकडे झाडं जास्त आहेत नं," असं काहीतरी पुटपुटतात. गावात झाडं जास्त असल्याची लाज वाटावी असा हा भारतातला एकमेव प्रसंग असावा. चंद्रपूरचे लोक या संभाषणात भागच घेत नाहीत. सुवर्णपदकवाले उत्तेजनार्थवाल्यांच्या भांडणात पडत नसतात. आणि ब्रह्मपुरी! धान पिकवणारं, शाळा-कॉलेजांचं चांगलं गाव, पण उरलेल्या महाराष्ट्राला ते ठाऊक आहे फक्त मे महिन्यातल्या तापमानाच्या यादीमुळे.

या अभिमानाची परीक्षा मे २०२४ च्या अखेरीस झाली. आधी दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्रावर ५२.९ अंशांची नोंद झाली आणि साऱ्या देशाच्या माना दिल्लीकडे वळल्या. लगोलग नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ दाखवलं. छप्पन! जगातला आजवरचा अधिकृत उच्चांक कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा, ५६.७ अंश, १९१३ सालच्या जुलैतला. म्हणजे आम्ही जगज्जेतेपदापासून पाऊण अंशाच्या आत येऊन ठेपलो होतो. त्या संध्याकाळी नागपुरात जो आनंद पसरला तो बघण्याजोगा होता. घामाने निथळणारी माणसं एकमेकांना आकडा दाखवत होती. मुंबईच्या भावाला, पुण्याच्या साडूला, अमेरिकेतल्या भाच्याला स्क्रीनशॉट जात होते. मग हवामान खात्याने सांगितलं, की केंद्राचा सेन्सर बिघडला होता, हा आकडा धरू नका. दिल्लीच्या आकड्यातूनही पुढे तीन अंश कापले गेले.

दिल्लीकरांनी सुटकेचा श्वास सोडला असेल. नागपुरात सुतक आलं. पानठेल्यावर उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्यावर जे भाष्य केलं ते विदर्भाच्या इतिहासाला धरून होतं : "सिंचनाचा अनुशेष झाला, रस्त्यांचा झाला, आता अंशांचाही बाकी ठेवला बाप्पा यांनी." दुसऱ्यांचं म्हणणं, सेन्सर बरोबरच होता, आकडा बघून मुंबईवाल्यांच्या पोटात दुखलं.

आता अधिकृत तापमान कसं मोजतात ते कळलं तर या मंडळींचा उरलासुरला विश्वासही उडेल. पांढरी, झडपांची लाकडी पेटी असते, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच ठेवलेली, आणि तापमापक त्या पेटीच्या आत असतो. ही पेटी शोधून काढली थॉमस स्टीव्हन्सन नावाच्या स्कॉटिश माणसाने. धंद्याने तो दीपस्तंभ बांधणारा अभियंता, आणि 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा बाप. मुलाने खजिन्याचं बेट काढलं, बापाने खोकं काढलं, आणि दोघांपैकी विदर्भाच्या आयुष्यात ढवळाढवळ केली ती बापानेच. कारण त्याच्या खोक्यात ऊन शिरतच नाही. आतली हवा खेळती असते आणि पेटी सावली धरून असते. शास्त्र बरोबर आहे, मोजायचं आहे ते हवेचं तापमान. ऊन थेट तापमापकावर पडलं तर तो आपलंच तापमान सांगत बसेल. पण भर दुपारी सिग्नलवर उभ्या असलेल्या माणसाला "तुमचे ४४ अंश हे सावलीतले आहेत" हे सांगून बघा.

म्हणून नागपूरकराचा स्वतःचा मापक वेगळा. कार असेल तर तिच्या काचेमागचा आकडा. उन्हात तापलेल्या पत्र्याशेजारी बसून ती गाडी बापडी ४९ सांगते, आणि तोच आकडा खरा मानला जातो. कार नसेल तर स्कूटीची सीट. दुपारी दोनला बाजारातून बाहेर आलेली बाई आधी सीटला बोटाच्या टोकाने शिवते. मग पर्समधल्या बाटलीतलं घोटभर पाणी सीटवर ओतते. ते वाळायला किती वेळ लागतो हे ती बघते, आणि वेळ लागतच नाही. मग डोक्याला, तोंडाला, मानेला गुंडाळलेल्या दुपट्ट्याची उरलेली दोन टोकं ती हँडलच्या मुठींवर धरते आणि सीटच्या अगदी कडेवर, जेमतेम टेकून, घरापर्यंत जाते. डोळे सोडून काहीही दिसत नसल्यामुळे तिला भर रस्त्यात सख्खा भाऊ ओळखत नाही. नागपुरात मे महिन्यात प्रेमप्रकरणं सुखाने चालतात त्याचं श्रेय या दुपट्ट्याला आहे.

उष्णतेच्या लाटेची सरकारी व्याख्याही आम्हांला जाचक वाटते. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते सरासरीच्या साडेचार अंश तरी वर हवं. नाहीतर सरळ ४५ गाठायचं. ४७ झालं की तीव्र लाट. शिवाय हे हवामान उपविभागातल्या निदान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस घडलं पाहिजे, म्हणजे दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. पहिल्या दिवशी जे झालं ते नुसतंच ऊन. आता ज्या गावाची मे महिन्यातली सरासरीच बेचाळीस-त्रेचाळीस, त्याने साडेचार अंश वर कुठे जायचं? बरं, किनाऱ्याला सवलत आहे. तिथे तापमान ३७ ला पोचलं आणि सरासरी ओलांडून साडेचार अंश गेलं, की लाट. नागपुरात पारा ३७ वर आला तर लोक शेजाऱ्याला विचारतात, "रात्री कुठं पाऊस झाला काय हो?"

मुंबईच्या मावशीचा फोन आला आणि ती "अरे, पस्तीस आहे रे इथे, जीव जातोय" म्हणाली, की आम्ही सभ्यपणे हसू दाबतो. खरं तर दाबू नये आणि हसूही नये. मावशीचं बरोबर आहे. माणसाचं शरीर घाम वाळवून गार होतं. मुंबईच्या हवेत आधीच इतकं पाणी असतं की तिथे घामाला जायला जागा नसते. तो अंगावरच बसून राहतो. आमच्याकडे घाम फुटल्याचं कळायच्या आत वाळलेला असतो, शर्टावर मिठाचा नकाशा तेवढा उरतो. म्हणून आमचं ऊन फसवं. तहान लागली हे कळेपर्यंत शरीरातलं पाणी गेलेलं असतं, आणि मग खिशातल्या कांद्याचा काही उपयोग होत नाही. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. कांद्याला ते लागतं एवढं मात्र मी खात्रीने सांगू शकतो. पन्हं, ताक, आंबील, मीठसाखरेचं पाणी ही खरी औषधं, आणि चक्कर येऊन माणूस बरळायला लागला, अंग भट्टी झालं, तर अंगावर पाणी मारत सरळ दवाखाना. शरीराचं आतलं तापमान चाळिसावर गेलं की गंमत संपते.

पत्रकात शेवटी सल्ला असतो : दुपारी १२ ते ४ बाहेर पडू नका. चांगला सल्ला आहे. ज्याच्याकडे लावून घ्यायला दार आहे त्याने तो जरूर पाळावा. डिलिव्हरीवाली पोरं, चौकातला पोलीस, स्लॅबवरचे मजूर, तेंदूपत्ता तोडून आणणाऱ्या गडचिरोली-गोंदियाच्या बाया यांच्यापर्यंत तो सल्ला पोचतो तेव्हा त्यांच्या हाती काम असतं. अहमदाबादेने २०१० च्या उन्हाळ्याचा फटका खाल्ल्यावर २०१३ मध्ये उष्माघात रोखण्याचा आराखडा केला, नंतर तसे आराखडे नागपुरासकट अनेक शहरांनी केले. त्यात बागा दुपारी उघड्या ठेवा, चौकाचौकांत पाणी ठेवा अशा साध्या गोष्टी आहेत. साध्या आहेत म्हणूनच त्या आधी कोणाला सुचल्या नव्हत्या.

या उन्हाचा योग्य मान राखला तो इंग्रजांनी. उन्हाळा आला की मध्य प्रांताचं सरकार फायलींसकट पचमढीला जायचं. हवामान खात्याचं बघा : १८७५ मध्ये स्थापना झाली कलकत्त्याला, तिथून मुख्यालय गेलं सिमल्याला, १९२८ मध्ये पुण्याला आलं, पुढे दिल्लीला. पुण्यात आजही सिमला ऑफिस चौक आहे तो त्यामुळेच. मुख्यालयाने एवढी गावं पालथी घातली, पण नागपूरला यायचं काही त्याच्या मनात आलं नाही. हवेचा अभ्यास असलेली माणसं ती. आपलं सरकारही काही कमी नाही. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं ठरलं. ऋतू काही ठरला नव्हता. पण आमदारांना ऋतूंचं उपजत ज्ञान असतं, त्यामुळे अधिवेशन डिसेंबरात भरतं, हुरड्याच्या नि संत्र्याच्या दिवसांत. २०१८ मध्ये एकदा पावसाळी अधिवेशन नागपुरात घेऊन पाहिलं, तर मुसळधार पावसात विधानभवनातली वीजच बंद करावी लागली. उन्हाळी अधिवेशनाचा प्रस्ताव कोणी मांडल्याचं ऐकिवात नाही. मांडावा. कामकाज झपाट्याने उरकेल.

तर या उन्हाशी आमचा समझोता झालेला आहे, आणि तो कूलरच्या मध्यस्थीने. इतर महाराष्ट्राला कूलर म्हणजे चाकं लावलेली प्लॅस्टिकची पांढरी वस्तू वाटते. आमचा कूलर लोखंडी असतो, खिडकीबाहेर स्टँडवर उभा असतो आणि सुरू झाला की खोलीत ओरडून बोलावं लागतं. होळी जळली की त्याला खाली उतरवतात. गंज खरडतात, टाकी गळू नये म्हणून तिला आतून डांबर फासतात, जुन्या ताट्या उपसून फेकतात. मग नव्या ताट्या. साध्या वुडवूलच्या, म्हणजे लाकडाच्या किसाच्या, की वाळ्याच्या, यावर घरात दरवर्षी तोच वाद होतो. नव्या ताट्यांवर पहिलं पाणी सुटतं आणि ओल्या गवताचा तो वास घरभर होतो, तेव्हा आमच्याकडे उन्हाळा अधिकृतपणे सुरू होतो, पंचांग काही म्हणो. लहान पोराला टाकी भरायची कामगिरी मिळते. "चप्पल घालून भर बे, अन् हात नको लावू पत्र्याला" हे वाक्य विदर्भातल्या प्रत्येक आईने म्हटलेलं आहे आणि त्यामागे कारण आहे. लोखंड, पाणी आणि वीज यांचं एकत्र कुटुंब कधी उलटेल सांगता येत नाही.

कूलरचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे, बाहेरची हवा कोरडी हवी. ४४ अंशांची हवा आणि आर्द्रता पंधरा टक्के असेल, तर ओल्या ताटीतून आत येणारी हवा सत्तावीसच्या आसपास उतरते. हवा जितकी भाजकी तितका कूलर खूश. एसीवाल्यांचं बिल वाढतं तेव्हा आमचा कूलर बादल्यांच्या जोरावर चादर घ्यायला लावतो. माझ्या ओळखीचे एक मामाजी भर मे महिन्यात दुपारी तीनला गोधडी घेऊन झोपत आणि उठल्यावर पुण्याच्या हवेला नावं ठेवत.

आणि मग एखाद्या दुपारी ताटीतून येणारी हवा बदलते. गार असते, पण ओली. उशी दमट लागते. मीठ डबीला चिकटतं. कागद मऊ पडतो, वर्तमानपत्र उलगडताना आवाज करत नाही. मामाजी डोळे न उघडता म्हणतात, "आभाळ येऊन राहिलं." बाहेर जाऊन बघावं तर निळंशार आकाश. तासाभराने पश्चिमेला नाहीतर वायव्येला एक पांढरा गड्डा वर येताना दिसतो. हवामान खात्याकडे रडार आहे, उपग्रह आहेत. मामाजींकडे वुडवूलच्या तीन ताट्या आहेत. दोघांचे अंदाज जुळतात, फरक इतकाच की खातं आदल्या दिवशी सांगतं.

ही ओल येते बंगालच्या उपसागरावरून. तिकडून बाष्प घेऊन आलेला वारा आणि वायव्येकडून आलेला भाजलेला कोरडा वारा मध्य भारतावर समोरासमोर येतात. विदर्भापासून दक्षिणेकडे कर्नाटक-तमिळनाडूपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा या दिवसांत बरेचदा पसरलेला असतो, त्याची या भेटीला मदत होते. खाली जमीन तापून लाल. तापलेली हवा वर उसळते, ओल सोबत नेते आणि दुपार कलेपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा ढग उभा राहतो. म्हणजे पत्रकातल्या त्या दोन ओळी एकमेकींच्या वैरिणी नाहीत, मायलेकी आहेत. दुपारची ओळ संध्याकाळच्या ओळीला जन्म देते. पुण्याच्या माणसाने टोपी आणि छत्री दोन्ही नेली ते बरोबरच होतं, पण हे त्याला कोणी सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, आभाळ आलं, चार थेंब पडले, गार झालं तर काय वाईट? इथेच बाहेरच्यांची फसगत होते. एक तर चार थेंब म्हणजे खरोखर चारच. ढगातून निघालेला पाऊस खालच्या कोरड्या हवेत वाटेतच आटतो, त्याने गार झालेली जड हवा मात्र धाडकन खाली येते. त्यामुळे आमच्या वादळात आधी येतो वारा, मग धूळ, मग शेजाऱ्याच्या गच्चीवरचं पत्र्याचं शेड, आणि पाऊस आला तर शेवटी. लाईन या सगळ्यांच्या आधी जाते. आमच्याकडे वीज जात नाही, लाईन जाते. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा असे औष्णिक प्रकल्प अंगाखांद्यावर बाळगणाऱ्या मुलखात ती कशी जाते हे विचारायचं नसतं. दुसरं म्हणजे वादळ निघून गेलं की ओल मागे राहते. तासभर झकास गार वाटतं, लोक गच्चीवर येतात, "बरं झालं बाप्पा" म्हणतात. रात्री अकरा वाजता लाईन येते, कूलर सुरू होतो आणि घरभर चिपचिप सुटते. पारा खाली आणि माणूस ४५ पेक्षा बेजार. ताटीतलं पाणी वाळतच नाही, आणि नागपूरकराला त्या रात्री मुंबईच्या मावशीची आठवण येते.

शेतकऱ्याला विचाराल तर तो अजून वेगळं सांगेल. काटोल-नरखेड-वरुडच्या ज्या संत्रा बागाइतदाराला मृग बहार घ्यायचा असतो, तो मे महिन्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतो. झाडाला ताण बसला पाहिजे, पानं मलूल झाली पाहिजेत, म्हणजे मृगाच्या पावसावर ते भरभरून फुलतं. हा ताण बसत आलेला असताना एक अवकाळी सर येते आणि झाड खुळावल्यागत नवी पालवी फोडतं. गेला बहार. त्याच वाऱ्यात गावरान आमराईखाली कैऱ्यांचा खच पडतो, बाजार समितीच्या ओट्याबाहेर पडलेला माल भिजतो. गच्चीवर कुरडया घातलेल्या असतात त्या घरात तर धावपळ विचारू नका. चारही टोकं धरून ओली धोतरं जिन्यातून खाली नेणाऱ्या बायका आणि वरून पडणारे ते चार थेंब. शिवाय नवतपा. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो, तिथून नऊ दिवस कडक तपले पाहिजेत, तरच पुढे पाऊस बरा, असं जुनी माणसं धरून चालतात. नवतप्यात आभाळ आलं की पारावर चेहरे पडतात. ताडोबाच्या जिप्सीवाल्याचाही चेहरा पडतो. पाणवठ्यावर वाघ दिसावा म्हणून पुण्या-मुंबईची मंडळी पैसे मोजून भर मे महिन्यात चंद्रपूरला येतात. रात्री पाऊस पडला की जंगलात जागोजाग डबकी, मग वाघ कशाला पाणवठ्यावर येतो.

पण आभाळाचा खरा दावा आहे तो लग्नांवर. मे महिना लग्नसराईचा, आणि ऊन टाळायचं म्हणून मुहूर्त गोरज. गोरज म्हणजे सायंकाळ, दिवे लागायच्या आधीची वेळ. ढगाला तापून, चढून, फुटायला नेमकी हीच वेळ सोयीची असते. पंचांगकर्त्यांची आणि हवामानशास्त्रज्ञांची एकदा बैठक व्हायला हवी होती, ती न झाल्याने दरवर्षी शेकडो मांडव उडतात.

असंच एक लग्न. शहराबाहेरचं लॉन, गेटवर थर्माकोलचे हत्ती, खुर्च्यांच्या रांगांमध्ये सहा फुटी कूलर लावलेले. वरात दारात, घोडा घामेजलेला, डीजे जोरात. नवरदेवाच्या चुलतभावाच्या मोबाइलवर दामिनी ॲप होतं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने केलेलं हे ॲप आसपासच्या वीस ते चाळीस किलोमीटरच्या टप्प्यात वीज पडण्याचा इशारा देतं, आणि ते उत्तम चालतं. पोरगं मोबाइल घेऊन मुलीच्या वडिलांकडे धावलं. "काकाजी, वीज पडून राहिली जवळच. सगळ्यांना आत घ्या हॉलमध्ये."

काकाजींनी वर बघितलं. "कुठं आहे आभाळ? अन् वीज पडायच्या आधी तुला फोन करते काय बे?"

हा विनोद तिथे गाजला, पण तो माझ्या मनातून जात नाही. विजेने आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं जातात, बहुतेक शेतात, त्यातली कितीतरी झाडाखाली आडोशाला उभी असताना. पावसाने भिजू नये म्हणून झाड गाठायचं ही आपली जन्माची सवय, आणि तीच घात करते. गडगडाट कानावर आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो, पक्कं छप्पर गाठायचं, एवढं साधं गणित आहे. पोरगं हुशार होतं. त्याने काकाजींचा नाद सोडला आणि सरळ केटररला जाऊन सांगितलं की पनीर हॉलमध्ये हलवताहेत. पाच मिनिटांत निम्मं वऱ्हाड हॉलमध्ये होतं.

वारा आला तेव्हा भटजी चौथ्या मंगलाष्टकावर होते. गेटवरचा पहिला हत्ती उठला तो सरळ रस्ता ओलांडून गेला. वधूवरांच्या फोटोचा फ्लेक्स फाटला, त्यातला नवरदेव जागेवर राहिला आणि नवरी समोरच्या पेट्रोल पंपाच्या दिशेने निघाली. मांडवाच्या कापडात हवा भरली, बल्ल्या करकरल्या, मांडववाल्याची चार पोरं दोऱ्यांना लटकली. लाईन गेली, डीजे मध्येच बंद पडला आणि त्या शांततेत भटजींचा आवाज एकदम खणखणीत ऐकू आला. त्यांनी उरलेली मंगलाष्टकं ज्या वेगाने म्हटली तो ताशी ५० किलोमीटरहून कमी नसावा. अक्षता वाऱ्याने वधूवरांवर न पडता आमच्यावर पडल्या. पाऊस आला, धूळ बसली आणि मातीचा वास सुटला तेव्हा सगळं मंडळ हॉलमध्ये मोबाइलच्या उजेडात पंगतीला बसलं होतं. कोणी पत्रकाला दोष दिला नाही, कारण पत्रक बरोबर निघालं होतं. कोणी पंचांगालाही दिला नाही, कारण लग्न मुहूर्तावर लागलं होतं.

मुलीचे वडील भिजल्या धोतराने एका खुर्चीवर टेकले. शेजारी नवरदेवाचे मामाजी जिलेबी मोडत बसले होते.

"काकाजी, झालं ते झालं. धाकटीचं मात्र डिसेंबरात करा. थंडी राहते, आभाळ नाही, वादळ नाही."

"डिसेंबरात अधिवेशन राहते नं बाप्पा. हॉटेलात खोल्या नाही, अर्धे रस्ते बंद, अन् वऱ्हाड मोर्च्यात अडकलं तर काढायचं कसं?"

मामाजींनी जिलेबी संपवली, बोटं पुसली. "मंग?"

"मंग काय? मे."